धातूंना धरणारा नायट्रोजन : प्रस्तावना

दारव्हा तालुक्यातल्या काळ्या जमिनीत लोह नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कारण ती जमीनच मुळी दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे, आणि त्या खडकाच्या घटनेत लोहाचा वाटा मोठा असतो. असे असूनही पावसाळ्यात झड लांबली आणि रानात पाणी साचून राहिले, की याच जमिनीवरच्या सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पाने, शिरा तेवढ्या हिरव्या राखून, पिवळी पडू लागतात, आणि जाणते लोक सांगतात की पिकाला लोह कमी पडले. सातबाऱ्यावर नाव असावे आणि ताबा मात्र दुसऱ्याचा असावा, अशी त्या झाडाची गत झालेली असते. जमिनीत मुक्त चुना भरपूर, तिचा सामू आठाच्या आसपास, आणि अशा स्थितीत लोह हायड्रॉक्साइडाच्या रूपाने असे घट्ट बसून राहते की पाण्यात ते नाममात्रच उतरते. त्या लोहाला पाण्यात धरून ठेवील, मुळापर्यंत पोचवील आणि तेथे सोडून देईल, असा कोणी वाहक तेथे हवा असतो. निसर्गाने आणि रसायनशास्त्रज्ञांनी असे जे वाहक घडविले, त्यांतील फार मोठा वर्ग नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगांचा आहे. आणि त्या वर्गाची ओळख मराठी वाचकाला करून देणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू होय.

मूळ कल्पना अवघड नाही. नायट्रोजनाच्या अणूच्या बाह्य कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी तीन शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात खर्ची पडले, तरी दोहोंची एक जोडी शिल्लक राहते. धनभारित धातू-आयनाला अशा जोडीची गरज असते, आणि नायट्रोजन ती त्याला देऊ शकतो. जो रेणू किंवा आयन अशी जोडी देऊन धातूला धरतो त्यास लिगंड म्हणतात, आणि दोहोंच्या मिलाफाने होणाऱ्या पदार्थास जटिल संयुग. नायट्रोजनी लिगंडांत अमोनिया सर्वांत साधा, कारण त्याच्यापाशी धरण्याचे स्थान एकच. परंतु एकाच सेंद्रिय रेणूत अशी दोन, चार किंवा सहा स्थाने असतील आणि ती सर्व मिळून एकाच धातूला धरतील, तर धातूसह वलये तयार होतात, व त्यांतही पाच किंवा सहा अणूंची वलये विशेष टिकाऊ ठरतात. अशा वलयी संयुगांना चिलेट ही संज्ञा १९२० पासून रूढ आहे. त्यांच्या टिकाऊपणाचे एक कारण मोठे मार्मिक आहे. पाण्यात विरघळलेल्या धातू-आयनाभोवती बहुधा पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात. सहा ठिकाणी धरणारा एकच लिगंड तेथे आला की ते साही मोकळे होतात, आणि एक अडकून सहा सुटण्याच्या या व्यवहारात द्रावणातील विस्कळीतपणा वाढत असल्यामुळे निसर्गाचा कल त्याच बाजूला झुकतो.

या शास्त्राचा पाया आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली घातला. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून पिवळी, जांभळी, हिरवी अशी नाना रंगांची संयुगे मिळत असल्याचे त्याआधीच ठाऊक होते, आणि कोपनहेगनच्या योर्गेनसेन यांनी अत्यंत काटेकोर प्रयोगांनी त्यांचे मोठे दप्तर जमविले होते. परंतु ज्या धातूची संयुजा तीन, त्याला सहा-सहा अमोनिया रेणू कसे चिकटतात, याचा उलगडा त्या काळच्या साखळी-सिद्धान्ताने समाधानकारक होत नव्हता. वेर्नर यांनी धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात असे प्रतिपादून, अमोनियाचे रेणू धातूभोवती अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसविले. वाद वीस वर्षे चालला. एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असावीत अशी कोबाल्टची दोन रूपे वेर्नर यांनी १९११ मध्ये प्रत्यक्ष वेगळी करून दाखविली, तेव्हा त्याचा निकाल लागल्यासारखा झाला. आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या निर्णायक प्रयोगात कोबाल्टला धरणारे रेणू होते अमोनियाचे आणि इथिलीन-डाय-अमीनचे, म्हणजे आपल्या विषयातलेच.

वेर्नर यांच्या पश्चात या विद्येला अनेक शाखा फुटल्या. पहिली परंपरा विश्लेषकांची. १९०५ मध्ये रशियातील चुगायेव यांनी डायमिथिल-ग्लायॉक्झिम या संयुगाने निकेल धातू गुलाबी-लाल साक्याच्या रूपाने वेगळा काढता येतो असे दाखविले, आणि सेंद्रिय लिगंड हे धातू ओळखण्याचे साधन म्हणून मान्यता पावले. या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध रेणूचा जन्म मात्र कापडाच्या धंद्यातून झाला. सूत रंगविताना पाण्यातील कॅल्शियम रंगाला बाध आणते, म्हणून ते बांधून टाकण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरीत; जर्मनीला ते परदेशातून आणावे लागे, आणि त्यास पर्याय म्हणून आय. जी. फार्बेन या कंपनीतील फर्डिनांड म्युंट्स यांनी जे संयुग बनविले आणि १९३५ मध्ये ज्याचे पेटंट नोंदविले, तेच आजचे ईडीटीए, म्हणजे इथिलीन-डाय-अमीन-टेट्रा-ॲसिटिक आम्ल. त्यात नायट्रोजनाची दोन आणि ऑक्सिजनाची चार मिळून सहा धरण्याची स्थाने आहेत. त्याच काळात दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावरून वऱ्हाडचा कापूस, लोकांनी पुढे शकुंतला म्हटलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद रुळांच्या गाडीने, गिरण्यांच्या दिशेने जात होता. गिरण्यांच्या गरजेतून निर्माण झालेले हे संयुग आता जस्ताला धरून त्याच कापसाच्या शेतात येते, हा इतिहासाचा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

ईडीटीएचे विश्लेषणातील सामर्थ्य झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४५ च्या सुमारास प्रकट केले. त्यांची रीत आज बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून एकदा तरी जाते; ज्या दारव्ह्यात मुंगसाजी महाराजांच्या नावाने महाविद्यालय चालते तेथे, आणि तालुक्या-तालुक्यांच्या इतर महाविद्यालयांतही, ती तीच आहे. विहिरीचे ५० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घ्यावे, अमोनियाचे बफर द्रावण घालून त्याचा सामू दहा करावा, एरिओक्रोम ब्लॅक-टी या दर्शकाची चिमूटभर पूड टाकावी, म्हणजे पाणी मद्यासारखे तांबडे होते. ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडीत गेले की तांबडा रंग जांभळट होत होत शेवटच्या थेंबाला स्वच्छ निळा होतो. या रंगबदलाचे मर्म पाहण्यासारखे आहे. दर्शक हाही नायट्रोजनयुक्त लिगंडच आहे. मॅग्नेशियमला धरलेला असताना तो तांबडा दिसतो, आणि अधिक समर्थ ईडीटीएने मॅग्नेशियम काढून घेतले की मोकळा होऊन निळा. जे डोळ्यांना रंगांतर दिसते ते वस्तुतः एका लिगंडाकडून दुसऱ्याकडे झालेले धातूचे हस्तांतर असते. हिशेबही सोपा आहे: ०.०१ मोलर द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तेव्हा २५ मिलिलिटर लागले तर पाण्याचा जडपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही इष्ट मर्यादा असून, दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. आपल्या गावचे पाणी या दोहोंच्या मध्ये कोठे बसते, हे अशा एका ब्युरेटने कोणासही पाहता येते.

दुसरी परंपरा शिफ-क्षारकांची. इटलीत अध्यापन करणाऱ्या ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये अल्डिहाइड व अमीन यांच्या संयोगातून पाण्याचा रेणू निघून जाऊन कार्बन–नायट्रोजन द्विबंध असलेली संयुगे होतात हे वर्णिले. १९३३ मध्ये फायफर यांनी सॅलिसिल-अल्डिहाइड आणि इथिलीन-डाय-अमीन यांपासून ‘सालेन’ हा चार स्थानांनी धरणारा लिगंड केला, आणि तेथून या शाखेला बहर आला. अल्कोहोलात दोन द्रव्ये काही तास उकळावीत, थंड झाल्यावर पिवळे स्फटिक गाळून घ्यावेत, त्यावर तांबे, निकेल किंवा कोबाल्टच्या क्षाराची क्रिया करावी, इतके हे काम अल्प खर्चाचे आणि सुलभ असल्यामुळे आपल्या देशातील महाविद्यालयीन संशोधनात त्यास फार मोठे स्थान मिळाले. नागपूर आणि अमरावती या विद्यापीठांच्या परिसरातही त्याची वहिवाट दीर्घ आहे. त्या विपुल लेखनातील बरेचसे केवळ नवी संयुगे नोंदविण्यापुरते राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच सालेन कुळातून १९९० मध्ये जेकबसेन यांनी मँगॅनीजचा असा उत्प्रेरक काढला, की ज्याने उजव्या व डाव्या रेणूंपैकी हवा तोच अधिक प्रमाणात घडविता यावा, हेही विसरता येत नाही.

तिसरी परंपरा निसर्गाची स्वतःची, आणि ती या दोहोंपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुनी. चार नायट्रोजन आतल्या बाजूस तोंड करून बसलेले एक सपाट वलय आणि त्याच्या मध्यभागी एक धातू, या एका रचनेवर जीवसृष्टीने आपले अनेक मामले सोपविले आहेत: मध्यभागी मॅग्नेशियम असले तर ते हरितद्रव्य, लोह असले तर रक्तातील हीम, आणि किंचित बदललेल्या वलयात कोबाल्ट बसविला तर बी-१२ जीवनसत्त्व. हान्स फिशर यांना या वर्गातील कामासाठी १९३० चे, आणि बी-१२ सारख्या रेणूंची रचना क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु याचा पुरावा पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ऐन वाढीतले सोयाबीनचे किंवा तुरीचे रोप माती न झटकता हलक्या हाताने उपटावे, मुळावरची एखादी टपोरी गाठ नखाने फोडावी, आणि ती आतून गुलाबी निघाली तर समजावे की हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम तेथे चालू आहे; तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्याच कुळातील, लोहाला नायट्रोजनी वलयात धरणाऱ्या प्रथिनाचा असतो. जव, गहू यांसारखी तृणधान्ये तर मुळांतून म्युजिनिक आम्लाच्या वर्गातील नायट्रोजनयुक्त लिगंड मातीत सोडून हट्टी लोह स्वतःच ओढून आणतात, ज्वारीत हे सामर्थ्य बेताचे असते, आणि सोयाबीनजवळ ही युक्ती नसून त्याला लोहाचे मुळाशी क्षपण करूनच ते घ्यावे लागते. चुनखडीच्या रानात सोयाबीन का पिवळे पडते, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

याखेरीज दोन प्रवाहांचा उल्लेख आवश्यक आहे. धातूच्या मापाच्या पोकळ्या असलेले पिंजऱ्यासारखे रेणू रचण्याच्या कामासाठी पेडरसन, लेन आणि क्रॅम यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेन यांच्या पिंजऱ्यांत नायट्रोजन हेच दोन टोकांचे सांधे आहेत. दुसरा प्रवाह वैद्यकाचा. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णाला ईडीटीएचा कॅल्शियमयुक्त क्षार देतात, कारण कॅल्शियमविरहित क्षार रक्तातलेच कॅल्शियम हिरावून घेऊन प्राणघातक ठरू शकतो. आणि ईडीटीएचा थोरला भाऊ जो डीटीपीए, तो गॅडोलिनियम या मोकळ्या स्थितीत विषारी असलेल्या धातूला घट्ट धरून शरीरात नेतो व एमआरआय चित्र स्पष्ट करून पुन्हा बाहेर आणतो. सिद्धान्ताच्या बाजूने पाहता, कोणता धातू कोणत्या लिगंडाला अधिक पसंत करील याचे नियम अर्व्हिंग व विल्यम्स यांनी १९५३ मध्ये आणि पिअरसन यांनी १९६३ मध्ये मांडले, व प्रयोगांच्या पसाऱ्याला काही बंदोबस्त लाभला. भारतात या विद्येची मुहूर्तमेढ कलकत्त्यास प्रियदारंजन राय यांनी रोवली. बायग्वानाइड या नायट्रोजनसमृद्ध लिगंडावरील त्यांचे काम, आणि १९४३ मध्ये दत्त यांच्यासह त्यांनी सुचविलेली अष्टफलकी संयुगांच्या रूपांतराची रीत, आजही त्यांच्या नावाने शिकविली जाते.

आता या विषयाची आजची निकड कोणती, याकडे वळू. २०१५ पासून शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे आणि मँगॅनीज यांचे जे आकडे असतात, ते ज्या रीतीने काढतात ती लिंडसे आणि नॉरवेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये, विशेषतः चुनखडीयुक्त जमिनी डोळ्यांपुढे ठेवून, प्रसिद्ध केली. दहा ग्रॅम माती, वीस मिलिलिटर डीटीपीएचे द्रावण, सामू ७.३, आणि दोन तास हलविणे, इतकाच तिचा तपशील. द्रावणात जेवढे जस्त आले तेवढे पिकाला मिळण्याजोगे समजावयाचे, आणि ते किलोमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर जमिनीत जस्ताची उणीव मानावयाची. एमआरआयच्या दालनात गॅडोलिनियम वाहणारा रेणू आणि मातीतले जस्त मोजणारा रेणू एकच आहे, हे पत्रिका घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते.

पत्रिकेनंतर येते कृषी केंद्रातले पाकीट. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये चिलेटेड झिंक म्हणून विकल्या जाणाऱ्या झिंक-ईडीटीएमध्ये किमान १२ टक्के जस्त असावे लागते. साध्या झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के असते. केवळ टक्केवारी पाहणारा साध्या मालाला पसंती देईल, केवळ ‘चिलेटेड’ ही अक्षरे पाहणारा महागड्याला. आणि दोघेही अर्धेच बरोबर असतील. कारण लिगंडाची किंमत त्याच्या पकडीच्या बळावर नव्हे, तर योग्य परिस्थितीत धरून योग्य ठिकाणी सोडण्याच्या औचित्यावर ठरते, आणि हेच या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे. फेरिक लोहाला ईडीटीए किती घट्ट धरतो याचा अंक, लॉगॅरिथमच्या मापात, २५ च्या घरात आहे, आणि कॅल्शियमचा ११ च्या आत. एवढ्यावरून पाहता लोहाला काहीच धोका दिसत नाही. पण ज्या जमिनीचा सामू आठ आहे तेथे हायड्रॉक्साइड लोहाला स्वतःकडे ओढतो आणि चुन्यातील कॅल्शियम संख्याबळाने रिकामी जागा बळकावतो, म्हणून मुळाशी दिलेले ईडीटीएचे लोह अशा रानात लवकरच निकामी होते. पानांवरच्या फवारणीत ते उपयोगी पडते, कारण तेथे मातीच नाही. मुळाशीच द्यावयाचे असेल तर ज्याचा अंक ३५ च्या आसपास आहे असा ईडीडीएचए हा लिगंड लागतो, आणि तो महाग असतो. उलट, पकड वाटेल तेवढी घट्ट असलेला लिगंड झाडाला लोह देणारच नाही. हिमोग्लोबिनने फुप्फुसात धरलेला प्राणवायू पेशीपाशी सोडला नसता तर त्याच्या पकडीचा आपल्याला उपयोग काय होता?

औचित्याचा हाच प्रश्न पर्यावरणातही उभा राहतो. ईडीटीए निसर्गात सावकाश विघटन पावतो, आणि सांडपाण्याबरोबर नदीनाल्यांत गेल्यावर गाळात बसलेले जड धातू पुन्हा पाण्यात आणू शकतो. म्हणून सूक्ष्मजंतूंना सहज पचतील असे ईडीडीएस, जीएलडीए यांसारखे नायट्रोजनी लिगंड पुढे येत आहेत. त्यांची निवड आपण समजून करणार की केवळ जाहिरातीच्या अंमलाखाली, हा येत्या काळातला प्रश्न आहे.

प्रस्तुत पुस्तकाची रचना या दृष्टीने केलेली आहे. विद्यार्थी ईडीटीएला परीक्षेचा प्रयोग म्हणून ओळखतो, कृषी सहायक डीटीपीएला अहवालातील रकाना म्हणून, आणि शेतकरी चिलेटला पाकिटावरील शब्द म्हणून. एकाच तालुक्यात नांदणाऱ्या या तीन ज्ञानांची एकमेकांशी गाठ पडत नाही, ती पाडून देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी इतिहास आवश्यक तेवढा, गणित कमीत कमी, आणि उदाहरणे शक्य तेथे आपल्या माती-पाण्यातली घेतली आहेत. क्वांटम सिद्धान्ताचा संपूर्ण विस्तार, औद्योगिक उत्प्रेरकांचे तपशील आणि औषधांच्या मात्रा येथे सापडणार नाहीत. पहिल्या दोहोंसाठी स्वतंत्र ग्रंथ हवेत आणि तिसऱ्यासाठी वैद्य. परिभाषेच्या बाबतीत, जे शब्द बाजारात आणि प्रयोगशाळेत रुळले आहेत ते तसेच ठेवले असून, जेथे सामू, दर्शक, साका यांसारखे सरळ मराठी शब्द चालू आहेत तेथे त्यांनाच मान दिला आहे. पुण्याच्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने १९२८ पासून आणि मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून जी वाट तयार केली, तिच्यावरूनच हे पुस्तक चालते. मात्र रसायनशास्त्राच्या या शाखेवर मराठीत लेखन तुरळकच झाले असल्यामुळे काही ठिकाणी पाऊल जपून टाकावे लागले आहे.

वाचकांना एवढीच विनंती आहे की पुस्तक मिटल्यावर त्यांनी त्यातील सर्व नावे ध्यानात ठेवण्याचा आग्रह धरू नये. जमीन आरोग्य पत्रिकेवरील सामूचा आकडा आधी वाचावा, पाकिटावर धातूची टक्केवारी किती आणि लिगंड कोणता हे पाहावे, तो फवारणीसाठी आहे की मुळाशी देण्यासाठी हे दुकानदाराला विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.